उर्से गावची भट्टी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने येणाजाणाऱ्यांस उर्से हे नाव ठाऊक असते ते टोलनाक्यामुळे. २००२ साली हा मार्ग पूर्ण झाला. आसपास कारखानेही आहेत. परंतु पवन मावळातले हे गाव मुळात भातशेतीचे. भाताचा राब भाजावयाचा तर फांद्या तोडण्यास कोयता-कुऱ्हाड हवी, पुढे कापणीस विळा हवा. हे जिन्नस घडवीत गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी लोकांची दोन-तीन पाले गेल्या वैशाखात आम्हांस तेथे रस्त्याकडेला आढळली.

आम्ही गेलो होतो ते पुतण्याच्या हौसेपायी. तो धातुशास्त्राचा पदवीधर. एक चाकू आणि एक ‘टॉमहॉक’ स्वहस्ते घडवावा, असे त्याने मनात घेतले होते. टॉमहॉक म्हणजे उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची आखूड दांड्याची हलकी कुऱ्हाड. पूर्वी तिचे पाते दगडी असे. युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर लोखंडी आले. आपल्या कुऱ्हाडीची ती धाकटी बहीणच म्हणावयाची.

भट्टी म्हणजे जमिनीतला एक खळगा. त्यात कोळसा, बाजूस हाताने फिरवावयाचा पंखा, समोर मातीत रोवलेली ऐरण. लोखंड म्हणाल तर मालमोटारीच्या मोडक्या कमानीचा पाटा. कारभारी बसून सांडशीने तापला तुकडा धरीत, आणि त्यांच्या पत्नी उभ्या राहून घण घालीत. या लोकांत घण बायकांच्या हाती असतो, हे शहरी वाचकांस नवल वाटेल. पंख्यावर त्यांचा बारा वर्षांचा मुलगा बसे.

पुतण्यास पहिले दोन दिवस हातोडा मिळालाच नाही. बाई म्हणाल्या, “दादा, आधी लोखंड बघायला शिका. हात मागनं येतो.” पोलादाचे चुंबकत्व सुमारे ७७० अंशांवर जाते, हे त्यास तोंडपाठ, पण निखाऱ्यांत ते अंश दिसावेत कसे? मुलगा मात्र नुसत्या रंगावरून “आता” म्हणे, आणि ते ‘आता’ कधी चुकत नसे. तिसऱ्या दिवशी पुतण्याने स्वतःच्या अंदाजाने पाते तापविले. ते पिवळ्यावरून पांढरे झाले, ठिणग्या उडाल्या आणि कड जळून गेली. जळलेले पोलाद पुन्हा सांधत नाही. दुसरे पाते सुरेख उतरले, पाणी दिले, आणि दगडावर पडताच काचेसारखे दुभंगले.

मग कारभाऱ्यांनी पाणी दिलेले तिसरे पाते घासून चकचकीत केले व मंद आचेवर धरले. त्यावर रंग धावू लागले : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. चाकू पिवळ्यावर थांबवावयाचा, म्हणजे धार टिकते. कुऱ्हाडीस घाव सोसावयाचा असतो, म्हणून तिला जांभळ्या-निळ्यापर्यंत न्यावयाचे. असे का होते, हे पुतण्याने मुलास जमिनीवर काडीने आकृती काढून समजाविले. पंखा थांबला. पोराने विचारले, “हे पुस्तकात असतं?”

त्याची शाळा चौथीतच सुटली होती. आम्ही त्याविषयी विचारता बाई एवढेच म्हणाल्या, “शाळा एका जागी राहते, बाबा. आम्ही नाही राहत.”

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात बलुतेदार आहेत तसे फिरस्तेही आहेत. गावच्या लोहारास धान्याचे बलुते होते. फिरत्यास हक्काचे काहीच नव्हते. आज भटक्या जमातींच्या मुलांसाठी निवासी आश्रमशाळा आहेत. पण मूल तेथे गेले की भट्टीपासून तुटते, आणि रंग ओळखणारा डोळा लहानपणीच तयार होतो. भट्टीपाशी ठेवावे तर अक्षर तुटते. दोहोंपैकी एक विद्या सोडल्याखेरीज दुसरी मिळू नये, हा कोठला न्याय? आमच्या पुतण्यास पदवी घेतल्यावर हौसेने भट्टीपाशी बसता आले. त्या मुलास भट्टीवरून उठून शाळेत जाता येत नाही.

पाचव्या दिवशी चाकू तयार झाला. टॉमहॉकचे नेढे काही जमले नाही. ते पुढील उन्हाळ्यावर गेले. निघताना पुतण्याने आपली धातुशास्त्राची वही मुलास दिली. ती इंग्रजीत होती. तेव्हा पुढच्या खेपेस मराठीत लिहून आणीन, असे त्याने कबूल केले. सध्या रोज रात्री तो ती लिहीत असतो. रंगांचे पान मात्र त्याने कोरे ठेविले आहे. ते तो मुलगा सांगेल तसे भरावयाचे आहे.