चांद्याचा मुक्काम

ब्रह्मपुरीहून कन्याकुमारी सायकलवर गाठायची, असे गेल्या पौषात आम्ही दोघांनी ठरवले, तेव्हा आमच्या वयांची बेरीज सव्वाशेच्या घरात गेली होती. घरच्यांनी आम्हांला वेड्यात काढले. तेही रीतीला धरूनच झाले. माझा सोबती बिगरीपासूनचा. चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, म्हणून सारा गाव त्याला मास्तर म्हणतो आणि गावामागून मीही. प्रवासाचा तक्ता त्यानेच आखला होता आणि त्यात तिसऱ्याच दिवशी तांबड्या शाईने लिहिले होते : ‘चांदा. विश्रांती.’

“काऊन बे, दोन दिवसांतच थकलो का आपण?” मी विचारले.

“चांदा पाहाचा आहे मले,” तो म्हणाला. “जन्मभर कचेरीतच गेलो. शहर पाहिलंच नाही.”

हे मात्र खरे. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले, तरी आमच्याकडची जुनी माणसे अजून चांदाच म्हणतात. आणि चांद्याला जायचे ते खेटे घालायला. नागभीड, सिंदेवाही करीत आम्ही मूलला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी जंगलातला रस्ता जीव मुठीत धरून काढला (वाघ दिसला नाही, पण दर वळणावर तो दिसेल असे वाटत होते), आणि तिसऱ्या दिवशी सायकली खोलीत ठेवून जटपुरा दरवाजासमोर उभे राहिलो.

एरवी या दरवाजातून माणूस जातो तो मागच्या भोंग्यांच्या धाकाने. मान वर करून पाहिले ते त्या दिवशीच. हत्तीला पंजाखाली दाबून धरलेला सिंह : गोंडराजांचे ते राजचिन्ह. मास्तर वही काढून तिथेच पायरीवर बसला. मला हा उशीर सोसेना. मी त्याला खांडक्या बल्लाळशहाची कथा ऐकवली. राजाच्या अंगभर खांडके. तहानेने व्याकुळ होऊन झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या डबक्याचे पाणी तो प्याला, तोंड धुतले आणि बरा झाला. पुढे तिथेच एका सशाने राजाच्या कुत्र्याला पळवून पळवून दमवले, आणि शहाण्या राणीने सांगितले, जिथून ससा धावला तिथून तट बांधा. शहराचा नकाशा सशाने काढल्याचे उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

“राणीनं सांगितलं म्हणून झालं,” मास्तर म्हणाला. “राजा नुसता पाणी प्याला.”

तटाच्या कडेने पायी जाऊ, असे मी म्हणालो. त्याने ऑटोला हात केला. तेव्हाही माझ्या ध्यानात आले नाही.

अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंडराजांच्या समाध्या आहेत. सर्वांत देखणी बीरशहाची. अठराव्या शतकाच्या आरंभी ती त्याच्या राणीने, हिराईने, उभारली. महाकालीचे देऊळही तिचेच. चैत्रात मराठवाड्यातून नि तेलंगणातून लोक त्या यात्रेला लोटतात. राजा मारला गेला, पोटी मुलगा नाही, आणि या बाईने दत्तक घेऊन राज्यही सांभाळले. आमच्या शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळही नव्हती, याचा मला त्या सावलीत बसून राग आला. तुरुंगावरून जाताना आम्ही थोडे थांबलो. मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाक्यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथेच फाशी दिले. मास्तरने टोपी काढली.

दुपारी लालपेठेला गेलो. तिथे उघड्यावर प्रचंड अखंड मूर्ती पडल्या आहेत. रायप्पा कोमटी नावाच्या धनिकाला म्हणे देऊळ बांधायचे होते. तो वारला आणि काम राहिले ते राहिलेच. सर्वांत मोठी मूर्ती दुर्गेची, पण तिची इतकी डोकी पाहून लोक तिला रावणच म्हणतात. मास्तर तिच्या पायांपाशी हळूच बसला. एक हात जमिनीवर टेकून, दुसऱ्याने गुडघा धरून. वही त्याने उघडली नाही.

“गुडघा दुखून राहिला?”

“डॉक्टरनं दिवाळीतच सांगितलं होतं. आता नाही जमत बावा.”

“मग निघालास कायले?”

“चांद्यापर्यंत तर यावं म्हटलं. इथून घरची गाडी भेटते.”

चांदाफोर्ट स्टेशनावरून गोंदियाकडे जाणारी गाडी ब्रह्मपुरीला थांबते, हे मला का ठाऊक नव्हते? मी त्याला नाही नाही ते बोललो. मीही परततो, असेही म्हणालो. त्याने ते ऐकून घेतले आणि दुर्गेच्या दगडी बोटांवरची धूळ पुसत राहिला.

गाडीच्या वेळेला आम्ही दोघांनी मिळून त्याची सायकल डब्यात चढवली. पंक्चरची पेटी, पंप आणि तक्ता त्याने खिडकीतून माझ्या हाती दिला. गाडी हलल्यावर मी दिव्याखाली तक्ता उलगडला. खर्चाचे रकाने मी कधी पाहिलेच नव्हते. मूल : जेवण २. चांदा : जेवण २. पुढच्या ओळीत राजुरा होते, आणि तिथपासून थेट कन्याकुमारीपर्यंत त्याच्या वळणदार अक्षरात, त्याच तांबड्या शाईने : जेवण १.