आधी गळती शोधावी

आम्ही दोघे भाऊ. थोरला मालट्रक चालवतो, धाकट्याचे नेकनूरला रस्त्याच्या कडेला छोटे गॅरेज आहे. लिहिणे हा आमचा धंदा नव्हे. पण आमच्या हातून झालेली चूक दुसऱ्याच्या हातून होऊ नये, म्हणून दोघांनी मिळून हे लिहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही कर्ज काढून टर्बोचा जुना ट्रक घेतला. हंगामात ऊसतोड टोळ्यांची ने-आण करायची, ऊस वाहायचा, असा बेत होता. पण गाडी चढाला ओढेना. खेपा कमी पडू लागल्या आणि बँकेचा हप्ता डोक्यावर बसला.

टर्बो म्हणजे काय, ते घरच्या माणसांना कळावे म्हणून थोडे सांगतो. इंजिनाचा धूर वाया न घालवता त्याच्या जोरावर एक चाक फिरवायचे. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळते आणि ताकद वाढते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. ही चाके मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतात. पण हवा वाढली की धूर वाढतो, धूर वाढला की चाक आणखी पळते. त्याला आवर हवा. तो आवर म्हणजे वेस्टगेट.

वेस्टगेट ही धुराच्या वाटेवरची एक खिडकी. तिला दांडी असते आणि दांडीमागे एक डबी. डबीत पडदा आणि स्प्रिंग. टर्बोतून एक बारीक नळी डबीला हवेचा दाब पोचवते. दाब स्प्रिंगला भारी पडला की दांडी सरकते, खिडकी उघडते आणि काही धूर चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो. चाक आपोआप आवरते. कुकरची शिट्टी वाफ सोडून भांडे वाचवते, तसेच हे. फक्त इथे दाब तयार करणाऱ्या चाकाचाच जोर कमी केला जातो.

कुणीतरी सांगितले, त्या नळीत रेग्युलेटर बसवा. रंगकामाच्या कॉम्प्रेसरवर असतो तसला. धाकट्याने तो बसवला. आता टर्बोत दाब जास्त असला तरी डबीला तो कमीच पोचायचा, खिडकी उशिरा उघडायची. पंपाचे डिझेलही वाढवले. दाब दाखवणारे गेज मात्र लावले नाही. पैसे वाचवले! गाडी चढाला सुसाट निघाली. माय म्हणाली, "बळ आलं खरं, पर आलं कुठून?" आम्ही हसलो.

पट्टा पडल्यावर गोदावरीकाठच्या कारखान्यावरून टोळी परत आणत होतो. गाडीत आमची बहीण, दाजी आणि त्यांची दोन लेकरे होती. बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढताना एकाएकी आवाज बदलला, बोनेटखालून वाफ आली आणि गाडीचा जीव गेला. हँडब्रेक ओढला तरी गाडी मागे सरकली. बहीण आणि इतर बायांनी अंधारात खाली उड्या मारून चाकांमागे दगड लावले. गाडी थांबली. कुणाला काही झाले नाही, एवढेच नशीब.

गाडी ओढून गॅरेजात आणली. रेग्युलेटरची नळी निसटली होती. डबीला दाब पोचलाच नाही, म्हणून खिडकी बंदच राहिली आणि दाब वाढतच गेला. हेड गॅसकेट फुटले होते, एक पिस्टन जळाला होता. आणि सगळे खोलताना मोठी गोष्ट सापडली. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप घडीत चिरलेला होता. पहिल्यापासून हवा तिथूनच गळत होती. शिवाय एअर फिल्टर धुळीने भरलेला. किरकोळ खर्चाचे काम सोडून आम्ही गळक्या घागरीत जास्त पाणी ओतत बसलो होतो.

दुरुस्तीच्या पैशासाठी पुढचे वर्ष ओढाताणीत गेले. बहीण एवढेच म्हणाली, "दादा, उशीर झाला असता तर चाललं असतं."

रेग्युलेटर ही वस्तू वाईट नाही. चाचणीच्या इंजिनांवर आणि शर्यतीच्या गाड्यांवर जाणकार माणसे दाब बदलतात. पण गेज लावून, इंजिनाची सोस पाहून. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर बहुतेक ठिकाणी हे काम संगणक करतो. तिथे हात घालू नये. गाडी ओढत नसेल तर फिल्टर, पाइप, क्लिपा, वेस्टगेटची दांडी अडकली का, हे आधी पाहावे. लांब पळवून आणलेली गाडी लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे चालू ठेवावी, म्हणजे टर्बोतले तेल करपत नाही.

आजही एखादा तरुण ड्रायव्हर येतो आणि म्हणतो, "भाऊ, थोडा दाब वाढवून द्या, हप्ता थकलाय." आम्ही त्याला चहा देतो आणि साबणाचे पाणी घेऊन आधी पाइपाला लावतो. बुडबुडा कुठे येतो ते त्यालाच बघायला सांगतो.