मंडईतील हिरवी जुडी

पुण्याच्या शुक्रवार पेठेत अष्टकोनी मनोऱ्याची दगडी मंडई उभी आहे. १८८६ मध्ये ती उघडली, तेव्हा तिला मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. सकाळी येथे मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात, मुळा यांच्या जुड्या मांडलेल्या असतात आणि त्यांवर पाणी शिंपडणे अखंड चालू असते. अलीकडे त्यांच्या शेजारी लेट्यूसचे गड्डेही दिसतात.

हे पाणी डोळ्यांना सुखावते, परंतु पान टिकवीत नाही. तोडलेले पानही श्वसन करीत असते. घट्ट बांधलेल्या जुडीच्या मध्यभागी ऊब आणि ओल साठते व कुजण्यास तेथूनच आरंभ होतो. म्हणून जुडी घेताना बांधलेल्या जागी बोटांनी उकलून आत पाहावे.

घरी आणताच जुडी सोडावी, पिवळी व चिरडलेली पाने काढावीत. न धुता कोरड्या सुती कापडात किंवा कागदात सैल गुंडाळून भाजी फ्रिजमध्ये ठेवावी. तापमान ५ अंशांच्या आत असावे. पिकलेली केळी, सफरचंदे, टोमॅटो यांच्या सान्निध्यात पाने लवकर पिवळी पडतात. कच्चे मांस, मासे वरच्या कप्प्यात ठेवू नयेत. त्यांचे पाणी भाजीवर ठिबकते. पाने वापरण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली धुवावीत. चिरलेली कोशिंबीर दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. कडक उन्हाळ्यात एक तासच.

मलूल पान खराब असतेच असे नाही. त्यातील पाणी उडालेले असते. गार पाण्यात ठेवल्यास ते पुन्हा टवटवीत होते. परंतु बुळबुळीतपणा, काळपट ओले डाग, बुरशी किंवा कुबट वास यांपैकी काहीही आढळल्यास भाजी टाकावी.

येथेच घरातील ज्येष्ठांचा प्रश्न उभा राहतो. अन्न टाकणे म्हणजे पाप, हा संस्कार त्यांच्यात खोल रुजलेला असतो. कुजलेला भाग काढून उरलेली कोथिंबीर चटणीत जाते. वयानुसार वासाची जाणीव व दृष्टी दोन्ही मंदावतात, त्यामुळे ‘वास घेऊन पाहिला’ हा निर्वाळा पुरेसा ठरत नाही. शिवाय रोगजंतूंना वास वा रंग नसतो. लिस्टेरियासारखा जंतू फ्रिजच्या गारव्यातही हळूहळू वाढतो. स्टिरॉइड किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी कच्च्या पचडीपेक्षा शिजवलेली भाजी घ्यावी.

वृद्धांना जुलाब झाल्यास शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. लघवी कमी होणे, गुंगी, ताप किंवा शौचातून रक्त दिसल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी दर दोन दिवसांनी भाजीचा कप्पा स्वतः पाहावा आणि जुडी लहानच आणावी. टाकण्याची वेळच आली नाही, तर आजींचे मनही दुखावणार नाही.