बाबांचं देणं

जिंतूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात एका निवासी आश्रमशाळेवर मी बरीच वर्षं शिक्षक होतो. मुलं बहुतेक बंजारा आणि पारधी समाजाची. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे आणि लेकरं वसतिगृहात राहायची. त्या काळात मुलांना, आणि मलाही, ज्या माणसानं रान शिकवलं, त्याचं देणं आज लिहून ठेवतो आहे.

आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. फासेपारधी. रात्री लोकांच्या पिकांची राखण करायचे आणि रविवारी आमच्याकडे यायचे. अक्षरओळख नव्हती, पण मुलांना समोर बसवून शिकवण्याची त्यांची हातोटी चांगल्या चांगल्या शिक्षकांना साधत नाही.

चैत्रात ओढा कोरडा पडला की ते पोरांना वाळूत घेऊन जात. पाण्यासाठी झिरा कुठंही उकरायचा नाही. ओढ्याच्या वळणावर, लव्हाळा हिरवा राहिलाय तिथंच बसायचं. कोपरभर वाळू काढली की तळाशी गढूळ पाणी जमायचं. तहानलेलं पोर ओंजळ घालायला गेलं की बाबा हात धरायचे. "पहिलं पानी आपलं न्हाई. उपसून टाक. दुसरं बी टाक. मंग निवळंल." खरंच निवळायचं. ते फडक्यातून गाळून घ्यायचे. उकळायचा आग्रह माझा, पुस्तकातला, आणि बाबांनी तो कधी मोडला नाही.

उकळायला विस्तव लागायचा, तोही तिथंच तयार व्हायचा. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात गारगोट्या पायाखाली पडलेल्या असतात. गारेच्या धारेवर शेवरीच्या कापसाची चिमूट अंगठ्यानं दाबायची आणि तुटक्या कानशीचा तुकडा वरून खाली ओढायचा. ठिणगी कापसात पडली की फुंकर हळू. जोरात फुंकणाऱ्याचा विस्तव विझतो, हे प्रत्येक पोर आपल्या हातानं शिकलं.

पळसाचं मूळ ठेचून त्याच्या वाखाची दोरी वळणं, पावसाळ्यात तरोटा, कुरडू, पाथरी ओळखणं, खरचटलं की दगडीपाला चोळून लावणं, सगळं ओघात व्हायचं. फास मात्र ते फक्त काठीवर बांधून दाखवायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली आहे, हे मुलांना ते स्वतःच सांगत.

वर्गात मागच्या ओळीत मान खाली घालून बसणारी पारध्यांची पोरं रानात सगळ्यांच्या पुढं असायची. तित्तराची शीळ घालावी तर त्यांनीच. ती बघून मी माझी शिकवण्याची रीत बदलली. फळ्यावर काही लिहिण्याआधी घरी याबद्दल काय माहीत आहे ते विचारू लागलो. शिक्षक म्हणून मला जे जमलं, त्याचा मोठा वाटा बाबांचा आहे.

इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं कितीएक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. पारध्यांवरही तो शिक्का बसला. 1952 साली कायदा गेला, शिक्का गावोगावी राहिला. ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्यांच्याकडेच हे ज्ञान आहे. अरण्यऋषी मारुती चितमपल्लींनीही पारध्यांकडून शिकलेलं आपल्या लेखनात मोकळेपणी मान्य केलं आहे.

आमच्या दप्तरात बाबांचं नाव कुठंच नाही. मानधनाला तरतूद नव्हती. चहा आणि दिवाळीला धोतरजोडी, एवढंच त्यांनी घेतलं.

तुमच्या शाळेच्या शिवारात असं कुणी म्हातारं माणूस असेल, तर मुख्याध्यापकांनो, त्यांना रविवारी बोलवा. पाहुणे म्हणून नको, शिक्षक म्हणून. हजेरीपटावर नाव लिहा आणि महिन्याच्या महिन्याला मानधन हातात द्या.