निघण्याचे दिवस : वेळास ते हर्णै

वेळास, फाल्गुन वद्य अष्टमी, सकाळी

ताई,

काल बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडली, वेश्वीला उतरलो आणि दिवेलागणीला इथे पोचलो. शिमगा आटोपलाय. गाव आता पुन्हा कासवांच्या नादी लागलंय.

उजाडता उजाडता किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनाखाली जाळीचं कुंपण, आत प्रत्येक घरट्यावर एक टोपली पालथी घातलेली आणि शेजारी अंडी पुरल्याच्या तारखेची पाटी. मादी एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालून समुद्रात परत जाते, मागे वळून पाहत नाही. पुढचे दीडेक महिने ती उबवते वाळू. पिल्लू नर व्हायचं की मादी, हेही वाळूच ठरवते: तापली तर माद्या जास्त, जरा गार राहिली तर नर.

तिसरी टोपली उचलली तेव्हा खाली वळवळ दिसली. पिल्लं पाण्यापासून थोडी अलीकडे सोडतात. तेवढी वाळू त्यांनी स्वतः चालायची. आम्ही दोरीमागे उभे. एकाने फ्लॅश मारला तर गावातल्या काकूंनी असा दम दिला की त्याने फोन खिशातच घातला. मला बरं वाटलं. पूर्वी इथली अंडी माणसं नाहीतर कोल्ही-कुत्री खाऊन टाकत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला हाताशी धरलं, आणि आज घरोघरी पाहुणे उतरतात ते या पिल्लांच्या जिवावर.

एक गोष्ट तुझ्यासाठी मुद्दाम. २०२१ साली ओडिशात बिल्ला मारलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली! पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला, असंच सगळे धरून चालले होते. तिला कोणी विचारलं नव्हतं.

केळशी, दुपारी

भारजा नदीच्या तोंडाशी बसलोय. आज अष्टमी, म्हणजे भांग. ओहोटी असूनही पाणी फार लांब गेलेलं नाही. उधाणाच्या दिवसांत इथे चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी दुर्बिणीत ठिपक्यांएवढे दिसतात. आज चिंचोळ्या पट्ट्यात सगळे दाटीवाटीने चरतायत. पक्षी बघायला येणाऱ्याने घड्याळाआधी पंचांग बघावं, असं माझं पक्कं मत झालंय.

चिखल्या पुष्कळ. दोन-चार पावलं पळायचं, थबकायचं, टोच मारायची. बहुतेक अजून हिवाळ्याच्या मळकट पिसांत आहेत, पण काहींच्या छातीवर विटकरी पट्टा उमटू लागलाय. महिन्याभरात हे तिबेट-लडाखच्या वाटेला लागतील. आपण वसंत म्हटलं की पालवी आणि कोकीळ आठवतो, कोणीतरी आल्यासारखं वाटतं. इथे वसंत म्हणजे बांधाबांध. जायचं नाही ते फक्त समुद्र बगळ्यांना. पाटीसारखा काळा एक आणि त्याच्याच जातीचा पांढरा एक, शेजारी शेजारी उभे होते.

जेवायला ओल्या काजूंची उसळ होती. त्याबद्दल लिहीत नाही, तू चिडशील.

हर्णै, रात्री

वाटेत आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. खरं सांगायचं तर दर्शन दोन मिनिटांचं, बाकी वेळ आवाराबाहेर मान वर करून उभा. समुद्र गरुडाची जोडी घिरट्या घालत होती. पंख किंचित वर उचललेले, शेपूट आखूड आणि पाचरीच्या आकाराची. एकदा पाहिलं की पुन्हा घारीशी गल्लत होत नाही. खालच्या वाडीत एका जुन्या आंब्यावर त्यांचं घरटं आहे. दरवर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या रचतात, त्यामुळे आता बैलगाडी भरेल एवढा भारा झालाय. झाडाखाली समुद्रसापाचा कणा पडला होता. बागेच्या मालकांना या केरकचऱ्याचा वैताग आहे, पण ते झाड तोडायचा विषय काढला की हात जोडतात.

संध्याकाळी हर्णैच्या लिलावाला पोचलो. समोर सुवर्णदुर्ग, होड्यांमधून मासळी उतरतेय, आरडाओरडा, आणि डोक्यावर कुरवांचा गोंगाट त्याहून मोठा. दुर्मीळ पक्ष्यांमागे धावणारे कुरवांकडे बघतही नाहीत. मी मात्र अंधार पडेपर्यंत त्यांच्यातच रमलो. हिवाळ्यात यांची डोकी पांढरी, कानामागे एक डाग तेवढा. आता विणीची तपकिरी टोपी चढतेय, पण सगळ्यांची सारखी नाही. काहींची पुरी झालेली, काही अर्धवट कलप लावून न्हाव्याच्या खुर्चीतून उठून आल्यासारखे. ज्याची टोपी पुरी तो आधी निघणार, असा माझा अंदाज. एका कोळीणबाईंना विचारलं, हे जातात कधी? म्हणाल्या, "पावसाआधी दिसायचे बंद होतात. कुठं जातात ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं." हिमालयापलीकडच्या तळ्यांवर, असं सांगितलं. त्यांनी हातातल्या बांगड्याकडे पाहिलं आणि भाव सांगितला.

घेतला नाही; एसटीत वास येईल. उद्या दापोलीहून सकाळची गाडी आहे. ओले काजू आणतोय, सोलायला तू बस. चिकाने हात काळे होतात, तेव्हा खोबरेल तेल काढून ठेव.

तुझा,
धाकटा