केसपेपरवरचा एक शब्द

त्याच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी मी लिहिलं होतं, 'संशयी विचार'. कळंब तालुक्यातल्या पारधी वस्तीवरचा तरुण. झोप नाही, छातीत धडधड. "म्याडम, दुकानात गेलो की मालक गल्ल्यावर हात ठिवतो. समदे माझ्याकडंच बघत्यात." शिकले होते तसं विचारलं, "तुला असं का वाटतं?" तो गप्प झाला.

पुढच्या खेपेला आई सोबत आली. गावात विहिरीवरची मोटर चोरीला गेली आणि पोलिसांची जीप सगळ्यात आधी वस्तीवर आली. पोराला रात्रभर बसवून ठेवलं, सकाळी सोडून दिलं. आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तीत सायकलची, मोबाइलची, बाजारातून आणलेल्या शेळीचीसुद्धा पावती.

मी तो शब्द खोडला. लोक खरंच बघत होते. खरं बोलणं मी आजाराच्या रकान्यात टाकलं होतं, याची लाज अजून जात नाही.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. आपला भाग तेव्हा निजामाकडे. पण पारध्यांवरच्या शिक्क्याला सरहद्द आडवी आली नाही. १९५२ मध्ये कायदा गेला, 'विमुक्त' हा शब्द आला. १९५३ साली अल्जीरियात ब्लिदाच्या रुग्णालयात रुजू झालेले मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन अशाच शिक्क्याशी भांडले. तिथलं फ्रेंच मनोविकारशास्त्र अल्जीरियन माणसाला स्वभावानेच गुन्हेगार समजत होतं. शिक्का इतका जुना, आमची नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची यादी मात्र गेल्या दोन आठवड्यांचंच विचारते.

आता मी 'का वाटतं' विचारत नाही. काय झालं, कुठं, कोण होतं, असं विचारते. माझं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे. येणारा ते वाचतो आणि किती बोलायचं ते उंबऱ्यातच ठरवतो. म्हणून जातीचा विषय मीच काढते. सुरुवातीला जीभ अडखळायची. जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलेला आहे. खुर्ची दिली, पाणी दिलं की तो पाळला गेला, असं मी धरून चालले होते.

त्याच्या धडधडीवर आम्ही श्वासाचं, झोपेचं काम केलं. भीती खोटी आहे, असं मात्र मी एकदाही म्हटलं नाही. जीप आली तर फोन कुणाला करायचा, तेही त्याच कागदावर लिहिलं.

परवा तो नव्या मोबाइलची पावती घेऊन आला. सोबत तिची झेरॉक्स.

"ही तुमच्याकडं असू द्या."

मी ती केसपेपरला टाचली.