पहिला घाव बॅकअपवर

खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणाऱ्या टोळ्या नेटवर्कमध्ये शिरल्या की आधी बॅकअप शोधतात. हिशेब साधा आहे. ज्याचा बॅकअप शाबूत, तो खंडणी कशाला देईल? माझं काम कंपन्यांच्या यंत्रणा तपासण्याचं. तिथे ‘बॅकअप रोज होतो’ हे चहा येण्याआधीच ऐकवलं जातं. पण बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर शेवटचं कधी अपडेट केलं, असं विचारलं की उत्तरासाठी कुणाला तरी फोन लावावा लागतो.

या सॉफ्टवेअरची अडचण त्याच्या कामातच आहे. रात्री दोन वाजता, पासवर्ड टाकायला कुणी नसताना, त्याला प्रत्येक सर्व्हरमध्ये शिरून डेटा वाचायचा असतो. वेबसाइटला तुमचा मूळ पासवर्ड साठवावा लागत नाही; त्याचा एकतर्फी हॅश ताडून पाहिला की भागतं. बॅकअप सर्व्हरला मात्र पासवर्ड पुन्हा जसेच्या तसे वाचता येतील असेच ठेवावे लागतात. अख्ख्या सोसायटीच्या किल्ल्या ज्या वॉचमनकडे, त्याच्याच केबिनला कडी नसावी, अशी गत पुष्कळ ठिकाणी दिसते.

मार्च २०२३ मध्ये ‘व्हीम’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच उघडकीला आलं. ९४०१ क्रमांकाच्या पोर्टवरची सेवा, समोरचा कोण आहे याची खातरजमा न करताच, साठवलेले पासवर्ड काढून देत होती.

व्हीममध्येच सप्टेंबर २०२४ मध्ये सापडलेली त्रुटी त्याहून जहाल, तीव्रता १० पैकी ९.८. लॉगिन न करता सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. ती शोधणाऱ्या जर्मनीतल्या ‘कोड व्हाइट’ या सुरक्षा कंपनीने तांत्रिक तपशील मुद्दाम मागे ठेवले, कारण टोळ्या लगेच झडप घालतील अशी भीती होती. झालंही तसंच. ‘सोफोस’ या सायबर सुरक्षा कंपनीने तपासलेल्या हल्ल्यांत चोर दुसऱ्या पडताळणीविना चालणाऱ्या व्हीपीएनमधून आत आले. मग त्यांनी बॅकअपच्याच एका सेवेकरवी ‘पॉइंट’ नावाचं नवं खातं उघडलं आणि ते अॅडमिनिस्ट्रेटरच्या गटात घातलं. त्यापुढे काही ठिकाणी अकिरा आणि फॉग ही रॅन्समवेअर सोडली गेली.

या त्रुटीमागचा मूळ दोष असा, की बाहेरून आलेल्या डेटातून प्रोग्राम आपल्या आतले ऑब्जेक्ट्स उभे करतो. धोकादायक प्रकारांची यादी करून तेवढेच अडवले, तर यादीतून सुटलेलं एक नाव हल्लेखोराला पुरतं. मार्च २०२५ मध्ये याच वाटेने आणखी एक त्रुटी निघाली, तीव्रता ९.९. बॅकअप सर्व्हर कंपनीच्या डोमेनला जोडलेला असेल, तर डोमेनमधलं कुठलंही साधं खातं ती वापरू शकत होतं.

दोष एकाच उत्पादनाचा नाही. ‘व्हेरिटास बॅकअप एक्झेक’मध्ये ओळख पटवण्याची एक जुनी पद्धत वापरातून गेली होती, पण बंद केलेली नव्हती. दुरुस्ती मार्च २०२१ मध्येच आली. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ब्लॅककॅट’ टोळीच्या साथीदारांना त्याच मार्गाने आत जाता आलं. दीड वर्षाहून अधिक काळ पॅच तयार होता. लावणाऱ्यांनी लावला नव्हता. ‘बॅकअप नीट चाललाय, त्याला कशाला हात लावा’ हे वाक्य मी आजही ऐकतो.

उलट बाजूही पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर हल्ला झाला, कामकाज कागदावर आलं. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, तो हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

म्हणून माझा आग्रह ठरलेला: बॅकअप सर्व्हर डोमेनबाहेर ठेवा, त्याची खाती वेगळी असू द्या, त्याचे पोर्ट इंटरनेटवर उघडे टाकू नका, आणि पॅच लावताना त्याचा नंबर पहिला ठेवा. एक प्रत अशी हवी की ठरावीक मुदतीआधी ती अॅडमिनलाही पुसता येणार नाही. टेपवर काढून कपाटात ठेवली तरी चालेल. आणि अधूनमधून डेटा खरोखर परत आणून बघा.

दिवाळीची सुटी जवळ आली की कार्यालयं ओस पडतात, आणि टोळ्यांना असे दिवस सोयीचे असतात. निघण्यापूर्वी तुमच्या आयटीवाल्याला एकच विचारा: अॅडमिनचा पासवर्ड चोराला मिळाला, तर तो काय काय पुसू शकेल? उत्तर ‘सगळं’ असेल, तर तुमच्याकडे आहे ती नुसती आणखी एक प्रत. तिला बॅकअप म्हणू नका.